आधी धार, मग बाक

पट्टीसाहेबांनी बाक करायचं ठरवलं, तेव्हा त्यात दगडाचा संबंध कुठेच नव्हता. चार पाय, एक फळी आणि दोन आडव्या पट्ट्या, एवढाच मामला होता. कागदावरचं चित्र तर एका सकाळीच तयार झालं आणि ते इतकं देखणं झालं, की सिस्टर म्हणाल्या, "हेच चिकटवा खिडकीपाशी. बघूनच बसल्यासारखं वाटतंय." पाणीपुरवठा खात्यात जन्मभर नकाशे काढलेल्या माणसाला यातलं फक्त कौतुक ऐकू आलं. पट्टीसाहेब हे नावही त्याच खात्यातलं. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथेच राहिलं.

सिस्टर म्हणजे त्यांच्या पत्नी. इस्पितळातल्या सगळ्यात मोठ्या वॉर्डाच्या त्या प्रमुख, आणि बड्या डॉक्टरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळं जग त्यांना सिस्टर म्हणत असे. नवऱ्याची यात थोडी कुचंबणा होई. म्हणून पट्टीसाहेब घरात 'अगं'वर भागवत.

तर एका संध्याकाळी सिस्टर कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. डोळे मिटलेले होते. त्या तशाच म्हणाल्या, "अहो, सगळा जन्म उभ्याने गेला बघा. आता निवृत्त झाले ना, की एक जागा हवी मला. खिडकीपाशी. जिथून कुणी उठवणार नाही अशी." बायकोने आजवर काही मागितलं नव्हतं. पट्टीसाहेबांच्या तोंडातून निघून गेलं, "तुझ्या निवृत्तीच्या दिवशी तू घरी येशील, बूट काढशील आणि आपल्या बाकावर बसशील. मी स्वतः करणार तो. माझ्या हातांनी."

हे सिस्टरनी वॉर्डात सांगितलं. वॉर्डाने एकमुखाने ठरवलं, की शेवटच्या दिवशी सिस्टरना घरी पोचवायला सगळ्यांनी जायचं आणि त्या बाकावर बसेपर्यंत परत यायचं नाही. म्हणजे आता पट्टीसाहेबांची अब्रू एका संपूर्ण वॉर्डाच्या हातात होती.

लाकूड आलं. मोडीत निघालेल्या जुन्या दरवाज्याची एक लांबरुंद फळी आणि पायांसाठी चौकोनी दांडके. जुन्या बाजारातून एक रंधा मिळाला, खाचा पाडायच्या दोनतीन पटाश्या मिळाल्या. गॅलरीत फळी आडवी घालून पट्टीसाहेबांनी बाह्या सरसावल्या आणि रंधा ढकलला. रंधा आधी नुसता घसरला, मग अडकला आणि शेवटी फळीचा एक लचका तोडून उभा राहिला. त्या आवाजाने वरच्या मजल्यावरचे चीफसाहेब खाली आले. ते बोटीवर चीफ इंजिनियर होते. किनाऱ्याला लागून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण जिना उतरताना ते अजूनही दोन्ही हातांनी कठडा धरत.

त्यांनी रंध्याचं पातं काढून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "पट्टीसाहेब, याने तुम्हाला लोणी कापता येईल. तेही उन्हाळ्यात."

"मग काय करू?"

"धार लावा. पटाश्यांनाही लावा. आणि दगड आणा तो तेलाचा. दगडावर तेल सोडायचं आणि पातं फिरवायचं. बोटीवर आम्ही दुसऱ्या कशाला हात लावला नाही."

एवढ्यात खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य वर आले. त्यांच्या डोक्यावर फळी आपटत होती, त्याची तक्रार करायला ते आले होते, पण तेलाचं नाव ऐकून तक्रार विसरले. "तेल? अहो, तेलाने दगडाची भोकं बुजतात. पाण्याचा दगड घ्या. भिजवायचा आणि लावायची धार. स्वच्छ काम. माझी हत्यारं बघा, विचारा माझ्या पेशंटांना."

"तुमचे पेशंट बोलायच्या अवस्थेत असतात का कधी?" चीफसाहेब म्हणाले.

यावर जी चर्चा सुरू झाली ती अंधार पडेपर्यंत चालली. तीत समुद्र आला, दातांची मुळं आली, गंज आला, दोघांच्या स्वर्गवासी गुरूंचा उद्धार झाला. बाकाचा विषय मात्र त्या दिवशी जो निघून गेला तो पुढे कित्येक महिने परतलाच नाही. पट्टीसाहेबांनी शेवटी पाण्याच्या बाजूने कौल दिला. ज्या खात्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमानी करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. चीफसाहेब रागावून वर गेले आणि आपल्याजवळचे बोटीवरचे तेलाचे दगड घेऊन खाली आले. विटेएवढे जाड आणि काळेकुळकुळीत दगड होते ते. "ठेवून घ्या. पस्तावाल तेव्हा लागतील," असं म्हणून ते दाराशी ठेवून गेले.

पाण्याचे दगड दूरच्या एका दुकानातून टपालाने मागवावे लागले. एक खरखरीत, एक मधला आणि एक गुळगुळीत. बरेच दिवस गेले तरी पार्सल येईना, म्हणून पट्टीसाहेब पार्सलच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने त्यांच्याकडे फार कळवळून पाहिलं.

"साहेब, बसा. पाणी घेता? तुमच्यासाठी वाईट बातमी आहे. पार्सल फाटलं होतं म्हणून आम्ही तपासलं. आत दगड निघाले."

"हो. दगडच मागवले होते."

"असं होतं बघा माणसाला धक्का बसल्यावर," कारकून शेजारच्याला हळूच म्हणाला. मग खिडकीतून हात बाहेर काढून त्याने पट्टीसाहेबांचा हात धरला. "लाजू नका. परवा एकाने पंखा मागवला, त्याच्या खोक्यातही वीट निघाली. तुमच्या वतीने आम्ही दुकानदाराकडे तक्रार लावलीय. चांगलं झापलंय त्याला."

पट्टीसाहेबांनी दगडाचं महत्त्व समजावून सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला. रांगेतल्या लोकांनी त्यांना धीर दिला. दुकानदार बिचारा सज्जन होता. त्याने माफी मागून दगडांचा नवा संच पाठवला. कचेरीत तो उघडला गेला, आत पुन्हा दगड निघाले, आणि आता तर सगळी कचेरी इरेला पेटली. पट्टीसाहेबांनी दुकानाला सविस्तर कळवलं, की चूक कुणाचीच नाही, कृपया काही पाठवू नये. उलट उत्तर आलं, की आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत, नवा संच आजच रवाना केला आहे. असं किती वेळा झालं याची गणती कुणी ठेवली नाही. शेवटी कचेरीत ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा कारकुनानेच हातगाडी करून सगळे दगड घरी आणून टाकले. "पुरावा म्हणून जपून ठेवा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आंघोळीला गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. "अहो, बादलीत दगड आहेत."

"भिजत घातलेत."

"कशाला? शिजायला हवेत का?"

"बुडबुडे यायचे थांबले की काढायचे. दंतवैद्य म्हणाले तसं."

सिस्टरनी घड्याळाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि शेजारणीकडे आंघोळीला गेल्या. त्यांना भांडायला वेळ नव्हता. त्यांना कशालाच वेळ नव्हता, हीच तर सगळी अडचण होती.

आणि मग पट्टीसाहेबांनी पहिल्यांदा ओल्या दगडावर पटाशी टेकवली. उतरती बाजू दगडाला चिकटवून धरायची, दोन बोटांनी दाबायची आणि पुढे न्यायची, मागे आणायची. खस्स, खस्स. दगडावर पाणी दुधाळ झालं, मग राखाडी झालं. ते हलकेच आपले किनारे बदलत होतं. त्यात आभाळाचा तुकडा उतरला होता. पट्टीसाहेबांना तिथे एक नदी दिसली. जन्मभर त्यांनी निळ्या शाईने नद्या काढल्या होत्या, पण कधी एकीच्याही काठावर ते गेले नव्हते. साहेब पाठवतील तेव्हा जायचं, आणि साहेबांनी पाठवलं नाही. आता ते काठाकाठाने चालू लागले. वळणावर झाडं होती. कुणीतरी होडी दुरुस्त करत होतं. त्याने हाक मारली, "या, बसा." पट्टीसाहेब बसणार तोच कानाशी आवाज आला, "जेवायचं नाही का? दिवे लागले."

सिस्टर कामावरून परत आल्या होत्या. पटाशी लखलखत होती. पट्टीसाहेबांना वाटलं, आत्ताच तर सुरुवात केली.

या धंद्यात एक गोम आहे, ती ज्याने धार लावली नाही त्याला कळायची नाही. पातं दगड खातं. रोज घासून दगड मधोमध झिजतो, खोलगट होतो, आणि खोलगट दगडावर लावलेली धार वाकडी येते. म्हणजे धार लावण्याआधी दगड सपाट करायला हवा. दंतवैद्यांनी तोड सांगितली. दगडावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा मारायच्या आणि त्यावर दुसरा दगड घासायचा. जिथल्या रेघा पुसल्या नाहीत तिथे खळगा आहे असं समजायचं. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. दुसऱ्या कुणालाही हे सांगितलं असतं तर त्याने चार रेघोट्या ओढल्या असत्या. पट्टीसाहेबांनी टोकदार पेन्सिल, गुण्या आणि पट्टी घेऊन दगडावर असं जाळं काढलं, की ते पुसण्याचं त्यांच्या जिवावर आलं. दोन दिवस तो दगड शोकेसमध्ये होता.

पुसलं तेव्हा दुसरी गोम निघाली. दोन दगड एकमेकांवर घासले, की कधीकधी एकाला पोट येतं आणि दुसऱ्याला खळगा, आणि दोघे एकमेकांत इतके बेमालूम बसतात की माणसाला वाटावं, झालं सपाट. हे उघडकीला आणायला तिसरा दगड लागतो. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर, असं आळीपाळीने घासत राहिलं की कुणाचीच लबाडी चालत नाही. घरात दगडांना तोटा नव्हता. पट्टीसाहेब सकाळी पहिला दगड हातात घेत आणि नदीवर जात.

गॅलरीतून राखाडी पाणी खाली ओघळू लागलं, ते नेमकं सेक्रेटरींच्या पांढऱ्या सदऱ्यांवर. सेक्रेटरी म्हणजे इमारतीच्या कमिटीचे. त्यांनी तातडीची सभा बोलावली. इमारतीत दगड भिजवणे हे घरगुती काम की कारखाना, यावर दोन तास खल झाला. पाण्याचा मुद्दा निघताच चीफसाहेब उभे राहून म्हणाले, "तेल वापरलं असतं तर ही वेळ आली नसती," आणि दंतवैद्य म्हणाले, "तेल ओघळलं असतं तर सदरे फेकावे लागले असते." शेवटी पाहणी करायला उपसमिती नेमली. उपसमिती गॅलरीत आली. तिने पट्टीसाहेबांना धार लावताना पाहिलं. मग एक सभासद घरी जाऊन विळीसुरीला धार लावायचा आपला जुना निसणा घेऊन आला. तो मधोमध इतका झिजला होता की त्यात आमटी वाढता आली असती. "एवढा जरा सपाट करून द्याल का?" तो म्हणाला. मग सगळ्यांच्याच ओट्यामागून, माळ्यावरून असे दगड निघाले. लोक ते आणून देत. न्यायला मात्र कुणी येत नसे, कारण दगड सपाट व्हायला टाकलाय एवढ्यानेच घरात कामं सुरू झाल्यासारखं वाटतं.

मधे सिस्टरना एक धक्का बसला. नवऱ्याच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत एकही केस नव्हता. त्यांनी हात उजेडात धरला, कातडी चिमटीत धरून पाहिली, नाडी पाहिली. "कधीपासून आहे हे? खाज सुटते का? उद्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू."

"अगं, धार तपासतो. केस उतरले तर धार लागली असं समजायचं."

सिस्टरनी तो हात सोडला. "आणि उजव्या हाताचे?"

"ते मागच्या आठवड्यात संपले." पट्टीसाहेब मान खाली घालून म्हणाले. अलीकडे जिन्यात सेक्रेटरी भेटले की पट्टीसाहेबांची नजर त्यांच्या केसाळ मनगटांवर जाई आणि सेक्रेटरी घाईघाईने बाह्या खाली ओढत, हे त्यांनी सांगितलं नाही.

एक दिवस मात्र खरोखरच रंधा चालला. फळीवरून हलकेच पुढे नेला आणि त्यातून लाकडाची एक लांबच लांब सुरळी निघाली. इतकी पातळ, की डोळ्यांसमोर धरली तर पलीकडचा रस्ता दिसावा. पट्टीसाहेबांनी ती धरलीच. सगळा रस्ता मधासारखा सोनेरी झाला होता, त्यातून माणसं सावकाश चालली होती, कुणालाच कुठे पोचायची घाई नव्हती. त्यांनी आणखी एक सुरळी काढली. मग आणखी एक. संध्याकाळी सिस्टर आल्या तेव्हा गुडघाभर सुरळ्यांत नवरा उभा होता आणि फळी आरशासारखी झाली होती.

"वा!" सिस्टर मनापासून म्हणाल्या. "आणि पाय?"

"पायांना काय, खाचा पाडायच्या आणि बसवायचे. एका दिवसाचं काम."

हा एक दिवस पट्टीसाहेबांनी फार जपला. तो कुठल्याच दिवशी खर्च होऊ दिला नाही, आणि असं करता करता तो अगदी शेवटच्या दिवसावर येऊन ठेपला. सकाळी सिस्टरनी इस्त्रीचे कपडे घातले, बुटांना पांढरा रंग दिला आणि दाराशी क्षणभर थांबल्या. "अहो, भीती वाटतेय हो. उद्यापासून कोण हाक मारणार मला? येताना सगळे येणारेत. बाक आहे म्हणून घरी यायला धीर तरी येतोय."

"तू निश्चिंत ये," पट्टीसाहेब म्हणाले.

त्या वळल्या आणि यांनी पहिला दांडका पुढ्यात घेतला. खाचेची रेघ आखली. पटाशी टेकवली, हातोडी उचलली. तेवढ्यात वाटलं, धार किंचित गेलीय का? बायकोचा बाक, त्यात अर्धवट धार नको. एकदाच फिरवून घेऊ.

दगड ओला झाला. खस्स, खस्स. नदीला आज पाणी जास्त होतं. होडी दुरुस्त झाली होती. ती काठ सोडून निघाली, पट्टीसाहेब तीत बसले होते, आणि पलीकडच्या तीरावर पांढऱ्या कपड्यांतलं कुणीतरी उभं होतं, केव्हाचं उभं होतं, आणि होडी काही केल्या तिथे पोचत नव्हती. त्यांनी जोरात वल्हं मारलं. खालून गाडीचा हॉर्न वाजला.

गॅलरीतली उन्हं कलली होती. जिन्यात पावलं, हसणं, फुलांचा वास. पट्टीसाहेबांनी खाली पाहिलं. दांडक्यावर एक रेघ होती. बाकी काहीच नव्हतं. वॉर्डाची त्यांना पर्वा वाटली नाही, अब्रूचीही नाही. ही बाई आयुष्यात एकदा आपल्या भरवशावर घरी आली आणि तिला टेकायला जागा नाही, एवढंच त्यांना कळत होतं आणि ते सोसवत नव्हतं.

दार उघडलं. पुढे गुच्छ घेतलेल्या सिस्टर, मागे परिचारिका, बडे डॉक्टर, वॉर्डातले दोन मदतनीस. त्यांच्या मागे चीफसाहेब, दंतवैद्य, झालंच तर सेक्रेटरी. सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे गेल्या. खिडकीपाशी भिंतीला टेकवलेली फळी होती, आणि घरभर, कपाटावर, पलंगाखाली, दाराच्या कडेला दगडच दगड.

"बाक..." पट्टीसाहेब म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. "अगं, नाही झाला. धारच लावत राहिलो मी."

कुणीतरी खोकलं. बड्या डॉक्टरांनी पंख्याकडे पाहिलं. सिस्टरनी नवऱ्याचे सुरकुतलेले, पाण्याने पांढरे पडलेले हात पाहिले, तासलेले कोपर पाहिले. मग त्यांनी खोलीवर एक नजर फिरवली. वॉर्डात एकदम रुग्ण वाढले आणि खाटा कमी पडल्या की फिरते तशी ती नजर होती. गुच्छ त्यांनी सेक्रेटरींच्या हातात दिला.

"ते काळे दगड उचला. दोन इकडे, दोन तिकडे. हं, आडवे. त्यावर ते राखाडी. डॉक्टर, तुम्ही उभे का? पलंगाखालचे काढा. कडा जुळवून ठेवा. आता फळी धरा चौघींनी. सावकाश. ठेवा."

बाक झाला. थोडा बुटका होता, एवढंच. चीफसाहेबांनी खिशातून पातळी बघायची नळी काढून फळीवर ठेवली आणि सगळे वाकले. बुडबुडा बरोबर मधोमध उभा राहिला. चीफसाहेबांनी दंतवैद्यांकडे पाहिलं, दंतवैद्यांनी चीफसाहेबांकडे. तेलाचे दगड खाली होते, पाण्याचे वर होते, आणि दोघांमधून कागद जाईल एवढीही फट नव्हती.

सिस्टर बसल्या. बूट काढले. फळीवर जोर देऊन एकदा इकडे, एकदा तिकडे झुकून पाहिलं. "हलत नाही हो," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. परिचारिकाही रडल्या. सेक्रेटरींनी गुच्छात तोंड लपवलं.

"उद्या दगड काढून पाय बसवतो," पट्टीसाहेब घाईघाईने म्हणाले.

"हात लावू नका. कुणी उठवणार नाही असं ठरलंय." त्यांनी बाजूला सरकून फळीवर थोपटलं. "बसा. आणि इतके महिने काय करत होतात, ते सांगा मला नीट सगळं. आता मला वेळ आहे."

पट्टीसाहेब बसले. काचेतून संध्याकाळचा रस्ता दिसत होता. त्यांनी अगदी पहिल्या दगडापासून सुरुवात केली. तो किती वेळ भिजवायचा, पातं कसं टेकवायचं, पाणी कसं राखाडी होतं आणि त्यात काय काय दिसतं, हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सिस्टरनी दोनदा हुंकार दिला. मग त्यांचं डोकं हळूच नवऱ्याच्या खांद्यावर आलं. वॉर्डाने ते ओळखलं. ओठांवर बोट ठेवून, चपला हातात घेऊन सगळे एकेक करत बाहेर पडले आणि शेवटच्या परिचारिकेने दार आवाज न करता लोटून घेतलं.

पट्टीसाहेबांचा पाय बधिर झाला होता, पण ते हलले नाहीत. त्यांचं आत्ता कुठे नदीपर्यंत आलं होतं. आवाज आणखी थोडा खाली आणून ते पुढचं सांगू लागले.